नऊघरी गोधडीला कापड किती लागेल?

२ नोव्हेंबर २०२५

भाचीसाठी गोधडी शिवायची ठरली. ती कोथरूडला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. पलंग एकटीचा, गादी ३ फूट बाय ६ फूट. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. तेवढ्या थंडीला रजई जड होते आणि घरी धुताही येत नाही. गोधडी बादलीत भिजवता येते, गच्चीवर टाकली की वाळते.

घरातल्या जुन्या साड्यांचीच करायची असती तर मीटरचा प्रश्न आला नसता. असेल तेवढं कापड, होईल तेवढी गोधडी. पण भाचीला वरची बाजू ठरावीक रंगांत हवी आहे: इंडिगोचा निळा छाप आणि कोरा पांढरट. म्हणजे कापड विकत आणायचं आणि त्याआधी कागदावर हिशेब मांडायचा. पॅचवर्कच्या अमेरिकन नमुन्यांत कापड यार्डात दिलेलं असतं आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४२ ते ४४ इंच धरलेला असतो. आपल्याकडे दुकानात ३६, ४४, ५८ असे तीन-चार पन्हे एकाच फळीवर दिसतात. त्यामुळे तयार आकडा उचलून चालणार नाही, हिशेब मुळापासून करावा लागेल. तो इथे पायरीपायरीने लिहून ठेवते आहे.

नमुना सगळ्यांत साधा घेतला. तीन बाय तीन अशी नऊ लहान घरं जोडून एक ठोकळा. त्यातली चार कोपऱ्यांची आणि मधलं अशी पाच घरं गडद, उरलेली चार फिकट. याला मी नऊघर म्हणते. एक नऊघर, शेजारी तेवढाच एक अखंड फिकट चौकोन, पुन्हा नऊघर, अशी आलटूनपालटून मांडणी. अखंड चौकोन मुद्दाम ठेवले आहेत, कारण हाताचा धावदोरा खुलून दिसतो तो अशा मोकळ्या जागेतच. कडेने विटकरी रंगाची चौकट आणि त्याच रंगाचा गोट, म्हणजे काठ झाकणारी पट्टी.

३ नोव्हेंबर

तयार मापं आधी, कापायची मापं नंतर.

लहान घर शिवून साडेतीन इंचाचं. म्हणजे नऊघर साडेदहा इंचाचं, अखंड चौकोनही साडेदहाचा. आडवे ५ आणि उभे ७ ठोकळे घेतले की मधला भाग ५२.५ बाय ७३.५ इंच होतो. भोवती ६ इंचांची चौकट लावली की एकूण ६४.५ बाय ८५.५. गादी ३६ इंच रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना १४-१४ इंच खाली येईल. पायाशी खोचायलाही पुरेल.

दोन्ही संख्या विषम ठेवल्या की चारही कोपऱ्यांत नऊघर येतं. एकूण ३५ ठोकळे, त्यांत १८ नऊघरं आणि १७ अखंड चौकोन.

शिलाईला चारही बाजूंनी पाव इंच सोडायचा. म्हणजे प्रत्येक तुकडा तयार मापापेक्षा अर्धा इंच मोठा कापायचा:
गडद घरं ४ बाय ४ इंच, १८ गुणिले ५, एकूण ९०.
फिकट घरं ४ बाय ४ इंच, १८ गुणिले ४, एकूण ७२.
अखंड फिकट चौकोन ११ बाय ११ इंच, एकूण १७.
चौकटीच्या पट्ट्या साडेसहा इंच रुंद: ७४ इंचांच्या दोन, ६५ इंचांच्या दोन.
गोट अडीच इंच रुंद. घेर ३०० इंच, कोपरे आणि जोड धरून ३१२.

साडेतीनचं घर निवडलं ते कापताना ४ आणि ११ असे पूर्ण आकडे यावेत म्हणून. तीन इंचाचं घर दिसायला नाजूक असतं, पण कापायचं माप साडेतीन आणि साडेनऊ येतं. प्रत्येक तुकड्याला पट्टीवरची अर्धी रेघ शोधत बसायचं, तेही इतक्या तुकड्यांना, हे मला नको होतं.

६ नोव्हेंबर

आज ज्या मुद्द्यासाठी ही वही उघडली तो लिहिते.

बहुतेक जण कापडाचा अंदाज क्षेत्रफळावरून काढतात. सगळ्या तुकड्यांचं क्षेत्रफळ करायचं, त्याला पन्ह्याने भागायचं, झालं. हे गणित म्हणून बरोबर आहे, पण कापड काही पाण्यासारखं ओतता येत नाही. पन्ह्यात तुकडे पूर्णच बसावे लागतात. उरलेल्या पाऊण तुकड्याचा उपयोग नसतो.

४४ इंची पन्हा घेऊ. किनार दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच जाते, धुतल्यावर रुंदीतही थोडं आटतं. हाताशी जेमतेम ४२ इंच राहतात. आता १७ अखंड चौकोनांचं क्षेत्रफळ २,०५७ चौरस इंच, भागिले ४२, उत्तर ४९ इंच. प्रत्यक्षात ४२ इंचांत ११ चे तीनच चौकोन बसतात, नऊ इंच कापड बाजूला उरतं. १७ चौकोनांना सहा ओळी लागतात आणि सहा ओळी म्हणजे ६६ इंच. ४९ च्या हिशेबाने कापड आणलं तर चार ओळीच होतील, म्हणजे बारा चौकोन. पाच चौकोन कमी पडतील.

म्हणून क्रम असा ठेवायचा. हाताशी राहणारा पन्हा भागिले तुकड्याचं माप, अपूर्णांक सोडून द्यायचा: एका ओळीत किती बसतात ते कळलं. एकूण तुकडे भागिले ओळीतले तुकडे, अपूर्णांक आला तर पुढची पूर्ण संख्या घ्यायची: ओळी कळल्या. ओळी गुणिले तुकड्याची उंची: इंच कळले. पहिल्या भागाकारात खाली यायचं, दुसऱ्यात वर जायचं, एवढं ध्यानात ठेवलं की कापड कमी पडत नाही.

याच रीतीने ३६ इंची पन्हा तपासला. हाताशी ३५ धरू. त्यातही ११ चे तीनच बसतात, पुन्हा सहा ओळी, पुन्हा ६६ इंच. म्हणजे या चौकोनांपुरता ३६ आणि ४४ मध्ये काही फरक नाही, अरुंद कापड स्वस्त असेल तर खुशाल घ्यावं. खादी बऱ्याचदा ३६ पन्ह्यात मिळते, तिचा विचार इथे जरूर करावा. ५८ इंची पन्ह्यात मात्र चित्र बदलतं: हाताशी साधारण ५५.५, त्यात पाच बसतात, ओळी चार, एकूण ४४ इंच.

४ इंची घरांना पन्ह्याचा एवढा फरक पडत नाही. तुकडा जितका लहान, तितकं ओळीच्या शेवटी कमी वाया जातं. मोठ्या तुकड्यांचा हिशेब आधी आणि जपून करायचा, लहानांची सोय उरलेल्यातून होते.

८ नोव्हेंबर

मंडईच्या मेट्रो स्थानकावर उतरून रविवार पेठेत गेले. आज फक्त नमुने आणायचे होते.

इंडिगोच्या छापाचं सुती कापड आवडलं. “काका, पन्हा किती?” विचारलं. “चव्वेचाळीस, ताई.” टेप लावून बघितला तर किनारीसकट साडेत्रेचाळीस भरला. यात दुकानदाराचा दोष नाही, छापताना-धुताना कापड रुंदीत थोडं आत येतंच, बोलताना नाव ४४ चंच राहतं. पण हिशेब आपण टेपवरच्या आकड्याने करावा. पिशवीत टेप नेहमी असावा.

फिकटाला मांजरपाट पक्का केला. ५८ पन्ह्याचा मिळाला, वीण जरा मोकळी आहे, सुई सहज जाईल. अगदी घट्ट विणीचं, गुळगुळीत चादरीचं कापडही दाखवलं त्यांनी. मशीनवर टीप मारायची असेल तर ते सुंदर दिसेल, पण तीन-चार थरांतून हाताने धावदोरा घालताना प्रत्येक टाक्याला बोट दुखतं.

तिन्ही कापडांचे तीस-तीस सेंटिमीटर घेतले. वळताना तुळशीबागेत जाऊन जाड सुती दोरा आणि लांब सुया घेतल्या.

९ नोव्हेंबर

प्रत्येक नमुन्यावर बॉलपेनने १० बाय १० इंचांचा चौकोन आखला. एक बाजू किनारीला समांतर, म्हणजे उभ्या धाग्यावर; तिच्यावर बाण काढला. कोमट पाण्यात साबण घालून भिजवले, पिळले, उन्हात वाळवले, इस्त्री फक्त दाबून केली. इस्त्री ओढली की कापड ताणलं जातं आणि माप खोटं येतं.

इंडिगो: उभं ९ इंच ५ सूत (आठ सूत म्हणजे एक इंच), आडवं ९ इंच ६ सूत.
विटकरी: जवळजवळ तसंच.
मांजरपाट: उभं ९ इंच २ सूत, आडवं ९ इंच ६ सूत.

म्हणजे छापील आणि रंगीत कापड लांबीत साधारण ४ टक्के आटलं आणि मांजरपाट साडेसात टक्के. कोऱ्या कापडात खळ असते, ती निघाली की धागे जवळ येतात. शिवाय विणताना मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, घट्ट ओढलेला असतो, पाणी लागलं की तो सैल होतो. म्हणून रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं, आणि आपण मोजून घेतो ती लांबीच.

इंडिगोने पाणी निळं केलं. हे कापड कोऱ्या मांजरपाटाशेजारी न धुता शिवलं असतं तर पहिल्याच धुण्यात अखंड चौकोनांवर डाग पडले असते.

आटण्याची भर घालताना भागाकार करायचा. धुतल्यावर ६१ इंच हवे असतील आणि कापड साडेसात टक्के आटत असेल तर ६१ भागिले ०.९२५, उत्तर जवळपास ६६. कापड थोडं असताना गुणाकाराने आणि भागाकाराने येणारा फरक सुताएवढाच, पण पाच-सहा मीटर घेताना तो दीड इंचापर्यंत जातो.

११ नोव्हेंबर

मांजरपाटाचा नकाशा. आज चौकटीच्या वहीवर एक चौकट म्हणजे एक इंच धरून आखत बसले. या कामाला वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण कापड वाचतं ते इथेच.

हाताशी पन्हा ५५.५ इंच. दोन मापांचे तुकडे एकाच कापडातून काढायचे आहेत: ११ चे १७ आणि ४ चे ७२.

दोन्हींचा वेगवेगळा हिशेब केला तर: ११ च्या चार ओळी, ४४ इंच. ४ चे एका ओळीत १३ बसतात, ७२ ला सहा ओळी, २४ इंच. बेरीज ६८.

पण ११ च्या चौथ्या ओळीत दोनच चौकोन आहेत. त्या ओळीत ३३.५ बाय ११ चा मोठा तुकडा मोकळा पडतो. त्यातून ४ चे आठ आडवे, दोन थर, म्हणजे १६ घरं निघतात. मग ५६ उरतात, त्यांना पाच ओळी, २० इंच. बेरीज ६४. पण इथे एक गोष्ट खटकत राहिली: चार ओळींत ५२ निघतात आणि पाचवी ओळ केवळ चार घरांसाठी कापावी लागते. शिवाय चौथ्या ओळीत ११ पैकी ८ इंचच वापरात येतात, तीन इंचांची पट्टी वाया.

मग चौथी ओळ ११ ऐवजी १२ इंच उंच घेतली. आता तिच्या मोकळ्या भागात ४ चे तीन थर बसतात: आठ त्रिक चोवीस. उरली ४८ घरं, चार ओळी पुरल्या, १६ इंच. एकूण ३३ अधिक १२ अधिक १६, म्हणजे ६१. एका ओळीत एक इंच जास्त दिला आणि एकूण तीन इंच वाचले. शिवाय चार घरं जादा निघतात, ती बिघडलेल्या तुकड्यांच्या जागी येतील.

क्षेत्रफळाच्या हिशेबाने याला ५८ इंच यायला हवे होते. ६१ म्हणजे त्याच्या अगदी जवळ. ४४ पन्ह्यावरही नकाशा काढून बघितला. तिथे क्षेत्रफळ ७७ इंच सांगतं, वेगवेगळ्या ओळी धरल्या तर ९८ लागतात. बाजूला उरणारी नऊ इंची पट्टी आधी उभी फाडून घेतली आणि तिच्यातून लहान घरं काढली तर ८२ वर येतं. म्हणजे एकाच कापडात १६ इंचांचा फरक नुसत्या मांडणीने पडतो.

शेजारच्या आजी संध्याकाळी वही बघून गेल्या. त्या माणच्या. गोधड्या शिवण्यात त्यांचा हात बसलेला. म्हणाल्या, “शिलाईला एवढासा पाव इंच? हातानं शिवायचं तर अर्धा सोड की. सुटून यायचं न्हाई.” त्यांचं म्हणणं हाताच्या शिलाईसाठी खरं आहे, मोकळ्या विणीचं कापड काठाने उसवतं. म्हणून अर्ध्या इंचाने हिशेब करून बघितला. चौकोन ११ ऐवजी साडेअकराचा होतो, ५५.५ मध्ये पाचाऐवजी चारच बसतात, ओळी चाराच्या पाच आणि लांबी ४४ ऐवजी ५७.५. पाव इंचाचा फरक कापडात साडेतेरा इंचांवर गेला. मी तुकडे मशीनवर बारीक टीप घालून जोडणार आहे, पाव इंच पुरेल. हाताने जोडणाऱ्याने मात्र हिशेब आधी बदलावा, कापायला बसल्यावर नाही.

१२ नोव्हेंबर

इंडिगो. धुतल्यावर किनार जाऊन हाताशी ४१.५ इंच. ४ चे १० बसतात. ९० घरांना बरोबर ९ ओळी, ३६ इंच. आटणं धरून ३७.५, दोन्ही टोकं सरळ करायला दोन इंच, म्हणजे ३९.५. एक मीटर ३९.३७ इंचांचा. इतका नेमका हिशेब जुळला की धोका असतो, कारण ९० पैकी एकही घर जादा नाही. छापात एखादा डाग, एखादी जुनी घडीची रेघ निघतेच. सव्वा मीटर घ्यायचं.

लांब पट्ट्याच एकमेकींना जोडून मग आडव्या कापायची एक जलद रीत आहे. गडद-फिकट-गडद अशा जोडपट्ट्या आणि फिकट-गडद-फिकट अशा जोडपट्ट्या, त्यांचे चार-चार इंचांचे काप, की नऊघर तयार. त्या रीतीने गडद पट्ट्या ९ ऐवजी १० लागतात. माझ्या दोन कापडांचे पन्हे वेगळे आहेत, पट्ट्यांची लांबी जुळणार नाही, म्हणून मी घरं सुटीच कापणार. दोन्ही कापडं ४४ ची असती तर तीच रीत घेतली असती, वेळ खूप वाचतो.

चौकट आणि गोट. पट्ट्या आडव्या कापल्या तर चौकटीला सात पट्ट्या, ४५.५ इंच, गोटाला आठ पट्ट्या, २० इंच, एकूण ६५.५. उभ्या कापल्या तर लांबी ७६ घ्यावी लागते, पण साडेसहाच्या चार पट्ट्या म्हणजे २६ इंच आणि अडीचच्या पाच म्हणजे साडेबारा, मिळून ३८.५ इंच, सगळं पन्ह्यात मावतं. दहा इंच कापड जास्त जातं, बदल्यात चौकटीला एकही जोड येत नाही. आणि उभा धागा कमी ताणतो. गोधडीची कड वर्षानुवर्षं धरून ओढली जाते, तिथे उभा धागाच हवा. मी उभ्याच कापणार. कापड साधं आहे म्हणून हे जमतं. वेलबुट्टीचा एकतर्फी छाप असता तर वरच्या-खालच्या पट्टीत बुट्ट्या आडव्या झोपल्या असत्या.

७६ भागिले ०.९६ म्हणजे ७९.२ इंच. दोन मीटर ७८.७ चे. २ मीटर १० सेंटिमीटर.

१५ नोव्हेंबर

खरेदी झाली. इंडिगो सव्वा मीटर, विटकरी २ मीटर १०, मांजरपाट २ मीटर. मांजरपाट पावणेदोन मीटर पुरला असता. फूटभर जादा असलं तर अखंड चौकोनांची एक ओळ हाताशी राहते. अखंड चौकोनावर डाग पडला तर तो लपवायला छाप नसतो, म्हणून ही चैन केली. इंडिगोचा तोच ठाण शिल्लक होता. नमुन्याचा तुकडा बरोबर नेला होता, त्याला लावून रंग पाहिला. निळा प्रत्येक लॉटमध्ये थोडा वेगळा उतरतो, म्हणून जे लागेल ते एकदमच घ्यावं.

मांजरपाट त्यांनी फाडून दिला. फाडलेलं टोक धाग्यावर सरळ असतं, कात्रीने कापलेलं क्वचितच. फाडून देत असतील तर टोकं सरळ करायचे दोन इंच वाचतात.

१८ नोव्हेंबर

धुऊन झालं. इंडिगो पाणी नितळ येईपर्यंत वेगळं धुतलं. मांजरपाट भरला ७२ इंच ६ सूत लांब आणि किनारींच्या आत ५५ इंच ५ सूत रुंद. पाच चौकोनांना ५५ लागतात. सूतभर चुकलं तरी पाचवा जाईल, म्हणून पहिली रेघ किनारीला लागून टाकायची.

२३ नोव्हेंबर

कापणी. मोठे तुकडे आधी, हा नियम कटाक्षाने पाळला. विटकरी कापडातून चौकटीच्या पट्ट्या आधी काढल्या, मग गोट. मांजरपाटात ११ च्या ओळी, मग १२ ची ओळ, शेवटी ४ च्या. नकाशा भिंतीवर लावला होता आणि कापली की ती ओळ रंगवत होते. चौकटीच्या पट्ट्या लांबीत मात्र अजून कापल्या नाहीत.

३० नोव्हेंबर

मधला भाग जोडून झाला. कागदावर कडा धरून ५३ बाय ७४ इंच. हातात आलेला मधोमध मोजला तर ५२ इंच ६ सूत बाय ७३ इंच ५ सूत. एवढ्या शिलाया म्हटल्यावर प्रत्येक शिलाईच्या घडीत कापडाचा केसभर भाग जातोच. म्हणून चौकटीची लांबी कागदावरून न घेता शिवलेल्या कापडावरून घ्यायची, तीही कडेने न मोजता मधोमध. कडा ताणलेल्या असतात. तिथलं माप घेतलं की चौकटीला झोळ येतो. पट्टी मधल्या मापाची कापली, दोन्ही टोकं आणि मध्य टाचणीने जुळवला, बाकीचं बोटांनी सारखं करत टीप मारली.

७ डिसेंबर

मागची बाजू आणि आतले थर.

अस्तर चारही बाजूंनी चार-चार इंच मोठं लागतं, कारण धावदोऱ्याने कापड आत ओढलं जातं. म्हणजे साधारण ७२ बाय ९४. दुकानातून ४४ पन्ह्याचं घ्यायचं तर ९४ च्या दोन लांब्या, १८८ इंच. घरी आटवून घ्यायचं म्हणून ५ मीटर. ५८ पन्ह्याचं घेतलं तर कापड आडवं लावावं, ७२ च्या दोन रुंद्या, १४४ इंच, म्हणजे पावणेचार मीटरांच्या आसपास. जोड उभा की आडवा, हे पन्हा ठरवतो.

मी आईची जुनी सुती साडी काढली. भरली ५ मीटर ४० सेंटिमीटर, म्हणजे २१२ इंच, पन्हा ४५. दोन लांब्या काढून २४ इंच उरले. शंभरदा धुतलेली साडी आता आटत नाही, आणि इतकं मऊ कापड नवं मिळत नाही. काठ जाड आहेत, जोड काठावर आला तर सुई अडते. म्हणून दोन्ही काठ सोडवले. तरी रुंदी ८० च्या वर राहिली.

आतल्या थरांसाठी शेजारच्या आजींनी त्यांची विरलेली नऊवारी दिली. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. मी वही उघडायच्या आत त्या म्हणाल्या, “अख्खी नऊवारी एका मानसाच्या गोधडीत जाती. दोन थर निघत्यात बघ.” मग मी मांडून बघितलं. ८६ इंचांच्या तीन लांब्या निघतात. तिसरी उभी मधोमध फाडली की एक थर दीड पन्ह्याचा, ६७.५ इंच. गोधडी ६४.५. दुसरा थरही तसाच. दोन्ही थर पूर्ण, चिंध्या नाहीत, वर ६६ इंचांचा सलग तुकडा उरतो. त्यांनी हे गणित कागदावर कधी केलं नसेल, पण साडीचं माप आणि माणसाचं माप दोन्ही त्यांच्या हातात आहे. मला हा आजवरचा सगळ्यांत सुंदर हिशेब वाटला.

दोऱ्याचाही हिशेब काढला. धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या इंचावर. उभ्या घाला, आडव्या घाला किंवा आजी घालतात तशा कडेने सुरू करून आत येत चौकोनात घाला, ओळींची एकूण लांबी तीच राहते: क्षेत्रफळ भागिले दोन ओळींतलं अंतर. ५,५१५ भागिले अर्धा, ११,०३० इंच, म्हणजे २८० मीटर. इथे क्षेत्रफळ नेमकं लागू पडतं, कारण दोरा तुकड्यांत बसवायचा नसतो. थरांतून वर-खाली जाण्यात, गाठींत आणि सुईत उरणाऱ्या टोकांत पाव भाग जातो असं धरून ३५० मीटर. ओळी एक इंचावर घातल्या तर निम्मा.

११ जानेवारी २०२६

धावदोरा संपला. गोधडी मोजली तर ६३ इंच २ सूत बाय ८३ इंच ६ सूत, दोन टक्के आखडली. गोट आता मोजून लावते आहे. पट्ट्या तिरप्या जोडल्या, शेवटी पाऊण पट्टीहून जास्त उरली.

शिल्लक: इंडिगोचे नऊ-दहा इंच, मांजरपाटाचे पाच अखंड चौकोन निघतील एवढी पट्टी, साडीचे २४ इंच.

भाचीच्या मैत्रिणीला दोघांच्या पलंगाची हवी आहे, म्हणून तेही मांडून ठेवलं. आडवे ७, उभे ७ ठोकळे, चौकटीसह ८५.५ बाय ८५.५. नऊघरं २५, अखंड २४. गडद घरं १२५, ओळी १३, ५२ इंच, दीड मीटर. चौकट आणि गोट उभ्या कापून ८८ इंच, २ मीटर ४० सेंटिमीटर. मांजरपाटाचा नकाशा मात्र नव्याने काढावा लागला: अखंड चौकोनांच्या पाच ओळींत शेवटच्या ओळीत एकाच चौकोनाची जागा मोकळी राहते, ती १२ इंची करून सहा घरं निघतात आणि फिकटाच्या ओळी आठच्या आठच राहतात. म्हणून इथे ११ च ठेवायची. ५५ अधिक ३२, ८७ इंच, आटणं धरून अडीच मीटर. अस्तराला साडीच्या दोन लांब्या ९४ ला पाच-सहा इंच कमी पडतील. उरलेल्या २४ इंचांतून आठ-आठ इंचांच्या तीन पट्ट्या पन्ह्यातून काढायच्या, टोकाला टोक जोडून मधोमध घालायच्या. काठ मग ठेवावे लागतील, आणि सुई जाड घ्यावी लागेल.